डब्यांच्या वहीबद्दल खुलासा

मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरतोय: आमची इंदूरची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) दुपारचा डबा देताना आधार कार्ड घेते आणि नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चढवते. हे साफ खोटं आहे. फोटोतली निळी वही डब्यांची आहे. ‘दुसरा मजला, मीठ कमी’, ‘दात नाहीत, खिचडी मऊ’, ‘डबा परत आला’, एवढंच त्यात असतं. आधार आम्ही कुणाकडेच मागत नाही. बाप्तिस्म्याची नोंद पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे), वेगळ्या वहीत. बाप्तिस्म्याआधी शिकवण आणि मंडळीसमोर श्रद्धेची कबुली लागते. आमिष दाखवून धर्मांतर करणं मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आमच्या श्रद्धेलाही ते मंजूर नाही.

मेसेजनंतर दोन आजींनी डबा बंद केला. आजी, डबा रोज भरून ठेवतोय.