हरलेल्या लढाईचाही फलक हवा

जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद राहून राहून पेटतो. किल्ल्यांवर इतिहास लिहायचा तो कोणता? माझ्या मामेभावाचं, दादाचं म्हणणं, फक्त पराक्रम लिहा. हार, फितुरी, तह यांचे फलक लावून पोरांचं मन कशाला खच्ची करायचं? मी विरोध केला की उत्तर ठरलेलं: "तू तिकडे स्कॉटलंडात बसून आम्हाला शिकवू नकोस."

बसलेय खरी. इनव्हर्नेसला राहते आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

कलोडनचं माळरान इथून हाकेच्या अंतरावर. १६ एप्रिल १७४६ रोजी तासाभराच्या आत तिथे जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्या, फौजेचा ब्रिटिश सरकारी फौजेपुढे निकाल लागला. त्यांची दीड हजारांच्या आसपास माणसं पडली. पुढे घरं जाळली गेली, हायलँडी, म्हणजे इथल्या डोंगराळ मुलखातल्या, पेहरावावर बंदी आली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. या मुलखाच्या जिव्हारी लागलेला हा पराभव, पण तो कुणी दडवलेला नाही. हे रणांगण जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या दालनात एका भिंतीवर सरकारी बाजू सांगितली आहे, समोरच्या भिंतीवर जॅकोबाइटांची. बाहेर माळावर लाल निशाणं एका फळीची, निळी दुसरीची. सरकारी फौजेतही स्कॉट होते, हेही उघड सांगतात. थडग्यांपाशी १८८१ मध्ये लावलेले कुळांच्या नावांचे दगड आहेत. एकावर नुसतं 'मिक्स्ड क्लॅन्स', म्हणजे कोण कुठल्या कुळाचा ते कळलंच नाही. शाळेची पोरं वॉटरप्रूफ चढवून पावसात ते वाचत उभी असतात. त्यांचं मन खच्ची झालेलं मला तरी दिसलं नाही. तिकिटावरून कुरकुर करणाराही भेटला नाही. आपल्याकडे त्यावरूनच अर्धा दिवस भांडण चाललं असतं.

त्या लढाईनंतर हायलँड्सवर वचक ठेवायला सरकारने मरी फर्थच्या काठी फोर्ट जॉर्ज बांधला, १७४८ ते १७६९. आतल्या हायलँडर्स म्युझियममध्ये ७८ व्या पलटणीच्या मानचिन्हात एक हत्ती आहे आणि त्यावर अक्षरं आहेत: असई. जालना जिल्ह्यातली आपली असई! २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं ते गाव. कलोडननंतर जो मुलूख चिरडला गेला, तिथलीच पोरं ५७ वर्षांनी राजाचा लाल कोट घालून केळणा नदीकाठी लढली.

त्या हत्तीपुढे माझं काहीतरी होतं. पाहुणे आले की मीच त्यांना हौसेने दोन्हीकडे नेते. कलोडनला जॅकोबाइटांबद्दल बोलताना 'आपली माणसं' असं तोंडून निघून जातं. तासाभराने फोर्ट जॉर्जला 'आपली माणसं' म्हणते ती शिंद्यांची, आणि समोर पलटण असते माझ्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांची. याच शेजाऱ्यांनी माझ्या लेकीला सायकल शिकवली. दादाला वाटतं मी तिकडची झाले. तसं असतं तर त्या काचेपुढे घशात आवंढा आला नसता. आणि मी पूर्वीसारखी नुसती इकडचीही राहिले नाही, हे त्याच्याशी भांडताना मला जास्त टोचतं.

पण म्हणून मुद्दा सोडणार नाही. दादा, रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात वरचे वाडे जळाले. हे वगळलंस तर 'इथे नुसती जोती का उरली?' असं पोराने विचारल्यावर काय सांगशील?

आणि असईचंच घे. आपले गोलंदाज तोफांपाशीच मेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे सरकताच उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. तुला पराक्रमच हवा ना? मग हा घे. पराभव गाळलास तर हे गोलंदाजही त्याच्याबरोबर जातात. असईच्या शिवारात त्यांच्यासाठी मराठीत ठळक फलक लावायचा असेल तर खर्च मी देते. फक्त परदेशातला पैसा म्हणून परत पाठवू नकोस.