आठ नंबर, पण कुणाचा?

पुण्यातल्या धावणाऱ्या मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर महाभारत चाललंय. निमित्त काय, तर नऊ वर्षं एकाच कंपनीचे शूज घालणाऱ्या एका गृहस्थांनी मुंबई मॅरेथॉनसाठी दुसऱ्याच कंपनीची जोडी घेतली. झालं, ते गद्दार ठरले. 'एक खोकं, एकदम ओक्के' असंही कुणीतरी टाकलं. मग दुसरी फळी उठली: अमेरिकेने 2025 मध्ये आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं होतं, तरी अमेरिकी बूट घालता? स्वदेशी घ्या! त्यावर तिसऱ्यांचं म्हणणं, स्वदेशी बुटांत गुडघे जातात. एवढ्या हाणामारीत 'तुमचं पाऊल किती सेंटिमीटर आहे हो?' असं एकानेही विचारलं नाही.

हे सगळं जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये बसून वाचताना जास्तच चीड येते. इथून दहाएक किलोमीटरवर हेर्त्सोगेनाउराख आहे आणि बुटांवरून भांडायचं कसं हे त्या गावाने केव्हाच दाखवून ठेवलंय. आडी आणि रुडॉल्फ डास्लर या सख्ख्या भावांचा बुटांचा एकच कारखाना होता. 1948 मध्ये भाऊ फुटले. एकाची आदिदास झाली, दुसऱ्याची पुमा. मधून आउराख नदी. फुटबॉलचे क्लब वेगळे, उठबस वेगळी. समोर आलेल्या माणसाच्या पायांत काय आहे ते पाहून मगच त्याच्याशी बोलायचं, म्हणून 'माना खाली घातलेल्यांचं गाव' असं त्याचं नाव पडलं. भाऊ वारले तेव्हा एकाच दफनभूमीत, पण दोन टोकांना पुरले गेले. आज त्याच गावातल्या फाब्रिकफरकाउफमधून, म्हणजे कंपन्यांच्या स्वस्त विक्रीच्या दुकानांतून, लोक एका हातात या भावाची आणि दुसऱ्या हातात त्या भावाची पिशवी घेऊन बाहेर पडतात. भांडण ज्यांच्या घरचं होतं ते विसरले. कोथरूडमध्ये मात्र ते चालू.

आता मुद्द्याचं. जुन्या जोडीची जीभ उलटून आतली चिठ्ठी वाचा. त्यावर चार आकडे असतात: यूके, यूएस, ईयू आणि सेंटिमीटर. आपण भारतात लक्षात ठेवतो फक्त यूके, आणि घोळ तिथेच होतो. 27 सेंटिमीटर हे पुरुषांचं एक साधं माप घ्या. नायकेच्या चिठ्ठीवर ते यूके 8, ईयू 42.5 असतं. आदिदासमध्ये तेच यूके 8.5, ईयू 42⅔. पुमामध्ये यूके 8, ईयू 42. म्हणजे एकाच गावातल्या दोन भावांचंसुद्धा 27 सेंटिमीटरवर एकमत नाही. यूकेचा अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर, आणि युरोपचा एक नंबर म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या किंचित आत. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, म्हणून आदिदास युरोपच्या नंबराचे तिसरे हिस्से पाडते आणि नायके सरळ अर्धे. ज्याने नायकेचा 8 सोडून आदिदासचाही 8 घेतला त्याला अर्ध्या सेंटिमीटरने लहान बूट मिळाला. पंधराव्या किलोमीटरला पावलं सुजली, अंगठ्याचं नख काळं पडलं, आणि गटावर निरोप आला: 'ही कंपनी बेकार.'

पाऊल मोजायला पाच मिनिटं पुरतात. संध्याकाळी मोजा, सकाळी पाऊल आखडलेलं असतं. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा, धावताना घालता तेच मोजे घाला आणि सगळं वजन त्या पायावर टाका. सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोटच लांब असतं. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठं ते धरा. बूट घातल्यावर बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर मोकळे हवेत, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी जागा.

लांबीपेक्षा रुंदीचं दुखणं वाईट. बूट ज्या साच्यावर ओढून घडवतात त्याला आपले चांभार कलबूत म्हणतात. कंपनी बदलते म्हणजे खरं तर कलबूत बदलतं, बाकी सगळी रंगरंगोटी. चपलांत आणि अनवाणी वाढलेल्या पावलाचा पुढचा भाग पसरट असतो. तो अरुंद कलबुतात मावत नाही, म्हणून दुकानदार एक नंबर वरचा देतो. रुंदीचा प्रश्न लांबीने सोडवला की टाच सैल होते. टाच घसरते म्हणून फोड येतो, फोड येतो म्हणून नाडी आवळली जाते, नाडी आवळली की पावलाच्या वरच्या बाजूला कळ मारते. मग फिजिओ. खात्री करायला बुटातला सुटा तळवा बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. करंगळीकडची बाजू काठाबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो. आसिक्स, ब्रूक्स, न्यू बॅलन्स यांची काही मॉडेलं 2ई आणि 4ई अशा रुंद मापांत निघतात, पण ती दुकानात मांडलेली नसतात, मागावी लागतात. रुंदी बरोबर असून टाच थोडीच हलत असेल तर सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्याच राहणाऱ्या भोकाचा उपयोग करा: नाडी त्यातून बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फासा ठेवा, दुसऱ्या बाजूलाही तसंच, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवा आणि खाली ओढून गाठ मारा. नव्या कंपनीवरच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतील.

राहिला ड्रॉप, म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. आल्ट्रा कंपनीच्या बहुतेक मॉडेलांत तो शून्य, होकाच्या बऱ्याच मॉडेलांत पाचच्या आसपास, ब्रूक्सच्या घोस्टमध्ये अनेक वर्षं बारा मिलिमीटर. बारावरून पाचावर उडी मारली की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो हवेत जात नाही. पोटरी आणि टाचेमागची शीर तो उचलतात. वर्षानुवर्षं उंच टाचेची सवय झालेली शीर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुरकुरायला लागते, आणि पहाटे पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवत नाही. म्हणून एका वेळी चार मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू नका. पहिल्या आठवड्यात नव्या जोडीत फक्त दोनदा, तीन-चार किलोमीटर, तेही सपाटीवर. जुनी जोडी टाकायची नाही. सहा आठवड्यांत हळूहळू प्रमाण उलटं करा. शर्यतीला तीन आठवडे राहिले असतील तर बदलूच नका. त्या गृहस्थांवर आक्षेप घ्यायचाच होता तर हा घ्यायचा होता.

आणि नव्या कंपनीचं कौतुक ऐकताना एक गोम ध्यानात ठेवा. आपल्याकडे रबरी तळ झिजला की बूट संपला असं मानतात. पण त्याआधीच वरचा फोम मरतो, साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये. तळ शाबूत दिसतो, बाजूला फोमवर आडव्या सुरकुत्या पडतात, दाबला तर परत फुगत नाही. अशा हजार किलोमीटर झालेल्या मढ्याशी दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या जोडीची तुलना केली तर कुठलीही कंपनी जिंकेल. त्याच कंपनीची नवी जोडीसुद्धा जिंकली असती.

निष्ठेचं म्हणाल तर कंपनी तुमच्याशी कुठे एकनिष्ठ असते? आसिक्सच्या निंबस या मॉडेलाचे भक्त पुण्यात ढिगाने आहेत. 2023 मध्ये चोविसावा निंबस जाऊन पंचविसावा आला. नाव तेच, पण फोमचा थर वाढला, ड्रॉप दहावरून आठवर आला, बाहेर दिसणारं जेल आत गेलं. ज्यांनी निष्ठेने डोळे मिटून घेतला त्यांनी नकळत ब्रँड बदलला. उलट लक्झेंबर्गमध्ये 264 धावणाऱ्यांना 22 आठवडे पाहिलं, तेव्हा आलटूनपालटून वेगवेगळे बूट घालणाऱ्यांत दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे व्यभिचारच पायाला मानवतो!

स्वदेशीवाल्यांनाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नायकेचे बूट तमिळनाडूतल्या चेय्यारमध्ये तयार होतात, तिथल्या बायांच्या हातून. ते विदेशी. आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पहिल्या दिवशी घातलेला बाटा? तो मूळचा आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनचा. तो मात्र आपला. हरियाणातलं बहादुरगड आज खेळाच्या बुटांचं मोठं केंद्र आहे आणि दोन हजारांच्या आतल्या देशी जोडीत रोज चार किलोमीटर चालायला काही हरकत नाही. अडचण गुडघ्यांची नाही, मापांची आहे: बरेच देशी ब्रँड अर्धे नंबर काढतच नाहीत, 7 नंतर थेट 8. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांची पावलं मोजून 'भा' नावाची मापपद्धत सुचवली आहे, आपली पावलं रुंद म्हणून. खऱ्या स्वदेशीवाल्याने त्याबद्दल ओरडायला हवं. ओरडतंय कोण?

पावसाळ्याचंही तसंच. भिजलेला बूट गॅसजवळ किंवा गच्चीवरच्या उन्हात ठेवला की फोम आकसतो आणि डिंक सुटतो. इथे लोक तोच गाढवपणा हाइत्सुंगवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या हीटरवर करतात. तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. लग्नाकार्यासाठी जपून कपाटात ठेवलेली जोडी चार वर्षांनी घातली आणि तळाचा भुगा झाला, तर तो कंपनीने फसवल्यामुळे नव्हे. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून सडतो. वापरला नाही तरी सडतो. कपड्यांत ब्रँडला आणखीच कमी अर्थ आहे: पॉलिस्टरचा टी-शर्ट कुणाचाही घ्या, फक्त धुताना वाइश्प्युलर, म्हणजे कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम टिपणं बंद होतं. तीस अंशांवर धुवा.

इथली मंडळी असली भांडणं करत नाहीत असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतोय. लाउफशॉपमध्ये, म्हणजे धावण्याच्या बुटांच्या दुकानात, पट्ट्यावर पळवतात, चित्रण करतात, घरपोच आलेली जोडी चौदा दिवसांत निमूट परत घेतात. पण खरं सांगायचं तर त्या चित्रणातही दम बेताचाच आहे. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीवर झालेल्या अभ्यासांत, पावलाची कमान पाहून बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नव्हत्या. आणि मार्च 2024 मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने सत्तरहून अधिक वर्षांची आदिदासची साथ सोडून 2027 पासून नायकेशी करार जाहीर केला, तेव्हा खुद्द जर्मनीचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री हाबेक म्हणाले की थोडी देशभक्ती दाखवली असती तर बरं झालं असतं. पुण्याचा गट आणि बर्लिनचं मंत्रालय, भाषा एकच. तिकडे 2023 पासून भारतीय क्रिकेट संघाच्या खांद्यावर हेर्त्सोगेनाउराखच्या तीन पट्ट्या आहेत. त्या दिसल्या की इथल्या आम्हा मंडळींना उगाच दोन्ही घरचं असल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही घरी ते कुणाला सांगता येत नाही.

तसं पाहता ज्यांनी आख्खा देश बदलला त्यांनी बुटांवरून कुणाला निष्ठा शिकवू नये. आणि न शिकवण्याचा उपदेश तरी का करावा? इथे दुकानात बेचाळीस म्हणावं लागतं. वीस वर्षं झाली तरी डोक्यात आधी आठ येतो, मग त्याचं बेचाळीस होतं. तो आठही आपला नव्हेच. इंग्रजांच्या जवाच्या दाण्यावरून आलेला, एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग. आपण तो इतका आपला मानला, की दुसरा कुठला नंबर पायाला लागूच होत नाही.

डिसेंबर जवळ आला की तिकडून निरोप सुरू होतात: 'दादा, येताना एक जोडी आण ना, आठ नंबर.' आणू. पण आठ कुणाचा, ते लिहा. संध्याकाळी कागदावर उभे राहा, दोन्ही पावलांचे सेंटिमीटर पाठवा, सोबत जुन्या जोडीच्या जिभेवरच्या चिठ्ठीचा फोटो. तेवीस किलोंत चार जोड्या बसवायच्या तर त्यांच्या आत मोजे आणि चॉकलेटं कोंबावी लागतात, आणि खोकी इथेच पापिअरटोनमध्ये, कागदाच्या कचरापेटीत जातात. खोकं मागू नका.