काकांच्या कॅसेट आणि माझा लॅपटॉप

गेले चार महिने रात्री जेवणं उरकली की मी काकांच्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवत बसते. एकूण १३८ आहेत. काका मिरजेचे. दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे ते दरवर्षी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. प्रत्येक कव्हरवर त्यांच्या बारीक अक्षरात राग, ताल, तारीख, आणि कुठे कुठे ‘इथे लाइट गेले’ असंसुद्धा लिहिलेलं आहे.

हे काम सावकाशीचं आहे. टेपडेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. जुनी कॅसेट एकदा पूर्ण पुढे नि पूर्ण मागे फिरवून घ्यायची, नाहीतर फीत चिकटून बसलेली असते. फितीला मागून दाबून धरणारी ती इवलीशी गादी काहींमधून गळून पडली आहे. ती दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून चिमट्यानं बसवायची. मग वायर लॅपटॉपला जोडायची, ऑडॅसिटी हे आवाज उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि ९० मिनिटं ऐकत बसायचं. परवा तानपुरे जुळत असताना एका बाजूच्या सुरुवातीलाच काकांचा खोकला आला. काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. फितीची खरखर साफ करताना तो खोकला मी तसाच ठेवला.

ऑडॅसिटीबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी मिळून ते सुरू केलं, २००० साली लोकांसाठी खुलं केलं. मी घेतलं तेव्हा फुकट मिळतं म्हणून घेतलं. आज वापरते ते मुक्त आहे म्हणून. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत हे आपलं भाग्य. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, बदललेलं दुसऱ्याला द्यावं. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हट्टापायी. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करणं त्यांना येत होतं, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कुणी द्यायला तयार नव्हतं. स्वतःच्या खोलीतलं यंत्र दुरुस्त करायला परक्याची परवानगी लागावी, हे त्यांना पटलं नाही. मलाही पटत नाही.

२०२१ साली ऑडॅसिटी एका कंपनीच्या हाती गेलं. वापरणाऱ्यांची माहिती गूगल आणि यांडेक्स या रशियन कंपनीच्या सेवांमार्फत गोळा करायची असा प्रस्ताव मे महिन्यात आला. कोड उघडा असल्यामुळे तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच आला. लोकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. जुलैत गोपनीयतेच्या धोरणावरून पुन्हा तेच झालं. काहींनी तर तोच कोड उचलून आपापली वेगळी आवृत्ती काढली, आणि ते बेकायदा नव्हतं, परवान्यातच तसा हक्क होता. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट आपल्याला कळलीसुद्धा नसती.

कळलं नाही तर काय होतं, ते २००५ साली दिसलं. सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीनं गाण्यांच्या काही सीड्या बाजारात आणल्या होत्या. विंडोजच्या संगणकात सीडी घातली, अटी मान्य केल्या, की गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसोबत नक्कल रोखणारी आणखी एक चीज गुपचूप आत शिरायची आणि स्वतःला लपवायची. नावाची सुरुवात ठरावीक अक्षरांनी झाली की ती फाइल संगणकाला दिसेनाशीच व्हायची. मार्क रसिनोविच या तज्ज्ञानं ३१ ऑक्टोबरला हे आपल्या ब्लॉगवर मांडलं. थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणारे त्याच आडोशाला लपायला लागले. काढून टाकण्यासाठी कंपनीनं दिलेल्या उपायानं संगणकाला नवंच भगदाड पडलं. सीड्या परत घ्याव्या लागल्या, खटले झाले. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. नक्कल रोखणाऱ्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये एमपीथ्री बनवणाऱ्या लेम या मुक्त प्रकल्पाचा कोड त्याच्या अटी धाब्यावर बसवून वापरलेला आढळला. गाणं मित्राला दिलं तर ग्राहक चोर, आणि हे मात्र उचललं तर चालतं!

लक्षात घ्या, ज्यांनी त्या सीड्या पैसे मोजून विकत घेतल्या त्यांच्याच संगणकात हे शिरलं. नेटवरून एमपीथ्री उतरवून घेणाऱ्याला काही झालं नाही.

मी स्वतःही पोळले आहे. एका ॲपवर वर्षभराचे पैसे भरून नाट्यसंगीताची यादी जमवली होती. एक दिवस त्यातली निम्मी गाणी करडी झाली. ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’. विचारलं तर छापील उत्तर आलं. गाणी गेली, पण मी रात्री किती वाजता काय ऐकते, कुठे थांबते, कुठलं परत लावते, याची नोंद मात्र त्यांच्याकडे राहिली. गाणं लावायला माझ्या फोनमधले नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. तो निकाल आपण फक्त सरकारपुढे ठेवायचा नसतो. आपण काय वापरतो, कशाला ‘अलाउ’ म्हणतो, तिथेही तो आठवायचा असतो.

आता वाटून घेण्याबद्दल. कलाकाराचे पैसे बुडवून गाणं फिरवणं मला मान्य नाही. आजचं नवं गाणं मी विकत घेते, कार्यक्रमाचं तिकीट काढते. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा पक्का वाटा देणारी २०१२ ची कायदादुरुस्ती मला मनापासून योग्य वाटते. पण ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या लाखेच्या तबकड्या आता सगळ्यांच्या आहेत. तरी त्यातलीच एक मी एका व्हिडिओ साइटवर चढवली, तेव्हा तासाभरात कुणा कंपनीचा हक्काचा दावा आला. तपासणारं यंत्र, दावा मांडणारं यंत्र, आणि दाद मागायला माणूस नाही. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते चुकीचं म्हणतच राहणार.

काकांच्या कॅसेटचं मात्र वेगळं आहे. मैफल स्वतःपुरती टेप करायला कायद्याची आडकाठी नाही, पण गाण्यावर गाणाऱ्याचाही हक्क असतो. म्हणून त्या मी नेटवर टाकणार नाही. ज्यांचं गाणं आहे त्यांच्या घरी एकेक प्रत पोचवायचं काम चालू केलं आहे. एका गायिकेच्या मुलीनं आईचा तरुणपणचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि फोनवर बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. फाइली फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवते. तोही मुक्त फॉरमॅट आहे, उद्या कुठलीही कंपनी बंद पडली तरी तो उघडेल.

शेवटी एक विनंती. ७४ नंबरच्या कॅसेटची दुसरी बाजू मधेच तुटली आहे, आणि साधारण सहा मिनिटांची फीत पार चुरगळून गेली आहे. कव्हरवर ‘मारुबिहाग, विलंबित, उरूस, दुसरी रात्र’ एवढंच आहे, तिथे नेमकं साल पुसलं गेलंय. त्या काळी मिरजेला काकांसारखे आणखी चारपाच जण तरी टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे, असं ते सांगायचे. तुमच्या वडिलांच्या, मामांच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. टेपडेक आणि हार्डडिस्क घेऊन मी येते, तुमच्या कॅसेट तुमच्याच घरात उतरवू.