वृद्धाश्रमात गेलं की पेन्शन जाते, हे कोणी सांगितलं?

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज फिरतोय. वृद्धाश्रमात भरती झालं की पेन्शन आश्रमाच्या नावावर होते, तक्रार केली तर ती बंद होते, आश्रमांवर सरकारची काहीच देखरेख नसते. म्हणून जाण्याआधी शेत मुलांच्या नावावर करून टाका. तो आमच्या मोठ्या बाबांपर्यंत पोचला आणि त्यांनी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटल्याचं पुस्तक) पिशवीत गुंडाळून धान्याच्या कोठीत दडवलं. गुडघे गेलेत, मोठी आई राहिली नाही, तालुक्याच्या आश्रमात जागा मिळतेय, तरी माणूस हलायला तयार नाही. न वाचता मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, हे तुमच्यामुळे झालंय.

पेन्शन आश्रमाच्या नावावर होऊच शकत नाही. 1871 च्या पेन्शन कायद्याचं कलम 12 वाचा: पुढे मिळायची पेन्शन दुसऱ्याला लिहून देण्याचा कुठलाही करार रद्दबातल. आश्रमाने सही घेतली काय नि अंगठा घेतला काय, त्या कागदाला किंमत नाही. तक्रारीने पेन्शन बंद होते हेही साफ खोटं. ती अडकते वर्षाचा हयातीचा दाखला दिला नाही तर.

देखरेखीचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. खासगी आश्रमांना नोंदणी आणि किमान सोयी सक्तीच्या करणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर झालं नाही. तरी ‘काहीच नाही’ कसं? आश्रम ट्रस्टचा असेल तर दरवर्षी हिशेबाचं ऑडिट लागतं आणि धर्मादाय कार्यालयाला तपासणीचा अधिकार आहे.

खरा घात शेताच्या सल्ल्यात आहे. एकदा बक्षीसपत्र झालं, फेरफार झाला, सातबाऱ्यावरून नाव गेलं की म्हाताऱ्या माणसाच्या हातात काय उरतं? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 म्हणतं, सांभाळायच्या अटीवर जमीन दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर उपविभागीय पातळीवरचं न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण अट हवी. सुप्रीम कोर्टानेही 2022 मध्ये हेच सांगितलं. मेसेज ऐकून घाईघाईत बिनअटीचा कागद केला, तर हाच आधार हातचा जातो. बापाचं शेत ज्यांना आजच हवंय, त्यांच्याच सोयीचा हा सल्ला आहे.

घरात कोणी सहीची घाई करत असेल तर कागद आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. तिथले अधिकारी स्वतः फौजेतून निवृत्त झालेले असतात.