दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, पण शिकायचा कुठे?

२०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता जल्लोष, आणि मागोमाग तो नेहमीचा फॉरवर्ड, की ज्युडो कराटे सगळं आपल्याकडूनच गेलंय, बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूने चीनला नेलं. इथे टोकियोत बसून ते वाचताना मला त्यात अभिमानापेक्षा आळसच जास्त दिसतो. चीनमधल्या शाओलिन मठाच्या व्यायामाचं श्रेय बोधिधर्माला देणारा ग्रंथ १७व्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. आणि समजा नेलं असेलही, पुढे काय?

ज्युडोचं बघा ना. मेजी काळात, म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटी, सामुराई संपले, त्यांच्या जुजुत्सु या जुन्या झटापटीच्या विद्येला कोणी विचारेना, कानो जिगोरो नावाचा किरकोळ अंगाचा पोरगा गुरू शोधायला निघाला तर त्याला हाडवैद्यांकडे चौकशी करत फिरावं लागलं, कारण जुने उस्ताद पोटासाठी हाडं बसवत होते (आपल्याकडचे तालमीतले वस्तादही ते करायचेच की). त्याने दोन घराण्यांची विद्या शिकली आणि १८८२ मध्ये एका देवळात १२ तातामींच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान काढलं, म्हणजे ज्युडोची पहिली शाळा. मग सरळ कात्री चालवली. जिवावर बेतणारे डाव सरावातून काढून फक्त कातामध्ये, म्हणजे ठरवून करायच्या प्रात्यक्षिकात ठेवले, आधी पडायचं कसं ते शिकवलं, दान म्हणजे पायऱ्या ठरवल्या, आणि माणूस मोठा शिक्षक असल्यामुळे ते शाळांमध्ये पोचवलं. ताकद वाया न घालवता वापरायची, आणि समोरच्यासोबत आपणही वाढायचं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, पण पाडून घ्यायला तयार जोडीदार नसेल तर तुम्हाला एकही डाव शिकता येत नाही, त्यामुळे ते भिंतीवरच्या सुविचारासारखं राहत नाही.

आता कोल्हापूरचे मर्दानी खेळ. काही आखाडे खरंच जीव तोडून शिकवतात, पण बाकी महाराष्ट्राला ते शिवजयंतीच्या मिरवणुकीतच दिसतात, फोटो काढायचे आणि घरी जायचं. कोणी म्हणालं की पायऱ्या ठरवा, परीक्षा घ्या, लाकडी पट्टा करून पोरांना शाळेत शिकवा, तर लगेच परंपरा बाटली म्हणून ओरड. अरे पण कानोच्या काळातल्या जुन्या उस्तादांनीही असंच नाक मुरडलं असणार ना!

जपान्यांनीही सगळं बरोबरच केलंय असं नाही हां. शाळेतल्या ज्युडोत मुलं दगावली, त्यावरून इथे मोठा वाद झाला. प्राथमिकच्या पोरांना वजन कमी करायला लावणं, आईबापांनी पंचांवर ओरडणं, हे इतकं वाढलं की २०२२ मध्ये त्यांच्या ज्युडो फेडरेशनने लहान मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. आपल्याकडे असं करून बघा, दहावीच्या क्रीडा गुणांसाठी पालक दुसऱ्या दिवशी मंत्रालयासमोर उभे राहतील.