पाच दिवसांच्या बिलाबद्दल

नमस्कार,

"पाच दिवसांचे अडतीस हजार, वर ग्लोव्हजचे वेगळे पैसे. हॉस्पिटल आहे की दुकान?" असं तुम्ही लिहिलंय. वडिलांच्या आजाराबद्दल इथे चारचौघांत मी काही लिहिणार नाही, पण बिलाबद्दल बोलतो. काल रात्री फाइल काढून पुन्हा बेरीज केली.

ग्लोव्हजच्या २४ जोड्या लावल्यात. नर्सिंग चार्टवर सलाइन, ड्रेसिंग, रक्त काढणं सगळं धरून १५ जोड्यांचाच मेळ बसतो. उरलेल्या नऊ कुठे गेल्या, मला सांगता येत नाही. ते पैसे परत मिळतील. "परवडत नव्हतं तर सरकारीत जायचं" असं काउंटरवर ऐकवलं गेलं, त्याबद्दल हात जोडून माफी मागतो.

आता दुकानाचं. वीस खाटांचं आमचं हॉस्पिटल. रुग्णाच्या बिलावर जीएसटी नसतो (दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीला लागतो, तशी खोली आमच्याकडे नाहीच). पण त्यामुळेच मॉनिटर, जनरेटर घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट आम्हाला मिळत नाही, तो अंगावरच पडतो. जैविक कचऱ्याची गाडी खाटा मोजून पैसे घेते, खाट भरलेली असो की रिकामी. रात्रपाळीची शिकलेली नर्स टिकवायची तर पुण्याचा पगार द्यावा लागतो.

एवढं असून खाटेचं भाडं तीन वर्षं वाढवलं नाही, कारण लोक फोनवर पहिलं तेच विचारतात. खड्डा बुजवला तो आयव्ही सेट (सलाइनची नळी), कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी), ग्लोव्हजमधून. त्यांच्यावरची छापील किंमत आणि आमची खरेदी यांत भरपूर अंतर असतं. एमआरपीच्या वर एक रुपया घेतलेला नाही, तरी तुमचा राग तिथे बरोबर आहे. कॅशलेस विमा असलेल्यांनाही हाच फटका बसतो; विमा कंपनी बहुधा ग्लोव्हजचे पैसे कापते आणि ते पैसे नातेवाइकांना खिशातून भरावे लागतात.

एक तारखेपासून ग्लोव्हज, कापूस, स्पिरिट भाड्यातच धरणार. भाडं दिवसाला दोनशेंनी वाढेल. २०२१ च्या राज्य नियमांप्रमाणे रिसेप्शनवर दरफलक लावलाय, त्यावर नवा आकडा दिसेल.

रात्री अडीचच्या व्हिजिटचे पैसे मात्र कमी होणार नाहीत. "दोन मिनिटं आले" म्हणालात, पण ते डॉक्टर झोपेतून उठून गाडी काढून आले होते.

संध्याकाळी सहा ते आठ मी ओपीडीत असतो. मूळ पावती घेऊन या, फाइल टेबलावरच ठेवलीय.