थैली न घेता निघालेले

दापोलीकडच्या आमच्या शाळासोबत्यांमध्ये गेले काही आठवडे धर्मांतरबंदीच्या कायद्यावरून वाद पेटला आहे, आणि एडिंबरात बसून तो वाचताना माझी झोप उडते. एका बाजूचे म्हणणे असे, की मिशन म्हणजे परदेशी पैशाच्या जोरावर माणसे फोडण्याचा उद्योग, शाळा आणि दवाखाने हे त्यातले आमिष, आणि म्हणून कोकणात येणाऱ्या प्रत्येक प्रचारकाची नोंद सरकारदरबारी झालीच पाहिजे. हे ऐकतच मी वाढले. खरा राग आला तो माझ्या चुलतभावाच्या उत्तराचा. आम्ही ख्रिस्ती माणसे कोणाला काही सांगतच नाही, फक्त सेवा करतो, मिशन म्हणजे सेवा आणि दुसरे काही नाही, असे त्याने लिहिले.

हे उत्तर भीतीपोटी दिलेले आहे आणि ते अपुरे आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, शिकवा, ही आज्ञा बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि ती वगळून उरलेल्या गोष्टीला शुभवर्तमान म्हणता येणार नाही. मात्र त्याच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, एक माणूस आपल्या मताचा करून घेण्यासाठी समुद्र आणि भूमी पालथी घालणाऱ्या परूशी या यहुदी पंथाच्या लोकांना येशूने कठोर शब्दांत फटकारले आहे. या दोन उताऱ्यांमधले अंतर ज्याला दिसत नाही, त्याने मिशनवर टीकाही करू नये आणि त्याचा बचावही करू नये. लूकाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना धाडताना येशू त्यांना थैली, झोळी आणि वहाणा न्यायला मनाई करतो. ज्या घरात स्वीकार होईल तिथे राहावे, पुढ्यात येईल ते खावे आणि ज्या गावात स्वीकार होणार नाही तिथली पायांची धूळ झाडून निघून जावे, असे सांगतो. म्हणजे धाडलेला माणूस रिकाम्या हाताने जातो आणि यजमानाच्या अन्नावर जगतो. आमिष दाखवण्याजोगे त्याच्याजवळ काही असूच नये, अशी ही तजवीज आहे. शोमरोनात शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचे दान पैशांनी मिळवू पाहिले, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला ‘तुझ्या रुप्याचा तुझ्यासह नाश होवो’ असे सुनावले, हेही प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे.

त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. यापोत असलेला पेत्र परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, सुभेदार कर्नेल्य याच्या घरी कैसरियाला जातो. कर्नेल्याचा बाप्तिस्मा अध्यायाच्या शेवटी होतो, पण त्याआधी पेत्र स्वतः बदललेला असतो, कारण देव पक्षपाती नाही हे त्याला त्या परक्याच्या उंबरठ्यावर उमगते. पुढे यरुशलेमच्या सभेत ठरते, की ख्रिस्ताकडे येण्यासाठी परजातीयांनी आधी यहुदी होण्याची गरज नाही. दापोलीतल्या ज्या मित्राला ख्रिस्ती होणे म्हणजे आपले मराठीपण सोडणे वाटते, त्याने हा निर्णय वाचावा.

आमच्या किनाऱ्याचा इतिहास दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. देवळे पाडली गेली, माणसांना छळ सोसावा लागला. हे नाकारणाऱ्या ख्रिस्ती माणसाशी मला बोलायचे नाही. त्याच गोव्यात, साष्टीत राहून, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. उत्तरेकडे बाणकोट १७५६ पासूनच ईस्ट इंडिया कंपनीकडे होते, पण १८१३ च्या सनदेपर्यंत कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजी पाय ठेवू देत नव्हती. मिशनरी विल्यम केरीला १८०० मध्ये बंगालमधल्या, डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला. सत्ता आणि मिशन नेहमी हातात हात घालून चालले, हे विधान गोव्याबाबत बरेचसे खरे आहे. बाणकोटबाबत ते तसेच्या तसे लावता येत नाही. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णै भागात शाळा काढल्या, आणि काही वर्षांतच मिशनचा मुक्काम पुण्याकडे हलला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो त्यांच्यासोबत घेतला नाही. पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने विचार करून त्या आल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. लूकाचा तो रिकाम्या हातांचा अध्याय एका कोकणी माणसाने इतक्या गांभीर्याने घेतला, हे आमच्या वादात कोणीही आणले नाही.

माझी आजी वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. सकाळी वॉर्डात प्रार्थना होई, कोणाला ऐकायची असेल तर तो ऐके, आणि बहुतेक रोगी आले त्याच धर्मात बरे होऊन घरी जात, असे ती सांगे. तिला ना सेवा लपवावीशी वाटली, ना प्रार्थना. चुलतभाऊ आज प्रार्थना लपवून सेवा पुढे करतो आणि तोच आमच्यावरच्या संशयाला खतपाणी घालतो.

इथे एडिंबरातल्या माउंड या रस्त्यावरून जाताना मला १९१० ची जागतिक मिशनरी परिषद आठवते, कारण ती तिथल्याच असेंब्ली हॉलमध्ये भरली होती. व्ही. एस. अझरिया या तरुण भारतीय धर्मगुरूने तिथे जमलेल्या पाश्चात्त्यांना सांगितले, की तुम्ही गरिबांना अन्न दिलेत, आपले देह दिलेत, आता आम्हाला प्रेम द्या, मित्र द्या. मिशनमधल्या श्रेष्ठत्वाच्या भावनेवर याहून नेमके बोट ठेवलेले मी वाचलेले नाही, आणि ते ठेवणारा माणूस मिशनच्या आतलाच होता.

कायद्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम सदसद्विवेकाचे आणि धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य देते. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. मला त्यात जाचक काही वाटत नाही, कारण माणसाचे मन वळवण्याचा हक्क शास्त्रानेही कोणाला दिलेला नाही. पण धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि वळलेल्या माणसाने नंतर तिथे कळवावे, असे गुजरातच्या २००३ च्या कायद्यासारखे बंधन आले, तर लक्ष्मीबाईंसारख्या बाईने आपल्या मनाचा हिशोब कचेरीत जाऊन द्यायचा काय? स्कॉटलंडमध्ये असे कोणी विचारत नाही. २०२२ च्या जनगणनेत इथल्या ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे २०.४ टक्के उरले. सरकारने ना कोणाला अडवले, ना परत आणले.

आमच्या कर्क सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या वडीलजनांच्या सभेत, सध्या इमारत विकण्याची चर्चा आहे. रविवारी बाकांवर दिसतात ते नायजेरियाचे, मलावीचे, केरळचे लोक आणि थोडे वृद्ध स्कॉटिश. त्यांच्यातल्या एका बाईंनी प्रेमानेच विचारले, की तुमच्या घराण्याला कोणत्या मिशनरीने ख्रिस्ती केले. गावी विचारतात, की तुमचा धर्म कोणत्या देशातला. दोन्ही प्रश्नांत मी कोणाची तरी केलेली वस्तू ठरते, आणि दोन्ही ठिकाणी मला टिळकांची भजने म्हणून दाखवावीशी वाटतात.

हे सारे मी चुलतभावाला सविस्तर लिहिले, तेव्हा त्याने एकच विचारले: धाडले जाण्याला तू इतके मानतेस, तर तुला एडिंबराला कोणी धाडले? कोणीच नाही. मी नोकरीसाठी आले, पगार चांगला होता आणि आजही त्यासाठीच राहते. थैली घेऊनच आले. दर रविवारी कोणाच्याही नजरेला नजर न देता चर्चमध्ये जाण्याची मोकळीक मला इथे मिळते, आणि तो हर्णैच्या बाजारातून, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून, बायबल हातात घेऊन जातो. तसेच मी त्याला कळवले, आणि यापुढे आम्ही कोणाला काही सांगतच नाही हे वाक्य मात्र लिहू नकोस, अशी विनंती केली.